वन्दा, व्हँडा आणि बांडगूळ : एका ऑर्किड-वंशाच्या नामकरणाचा इतिहास

१

भंडारा तालुक्यातील शहापूर हे गाव नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गालगत वसलेले आहे. त्याच्या भोवतीचा प्रदेश म्हणजे पूर्व विदर्भातील झाडीपट्टीचा पश्चिमेकडील उंबरठा होय. धानाच्या बांध्या, जागोजागीच्या बोड्या व तलाव, बांधांवर आणि गावाच्या कडेला उभे असलेले आंब्याचे व मोहाचे जुने वृक्ष, हे ह्या प्रदेशाचे परिचित रूप आहे. अशा जुन्या वृक्षांच्या खरबरीत सालीवर जाड, पन्हळीसारख्या पानांची व लोंबत्या पांढुरक्या मुळांची एक वनस्पती मध्य भारताच्या ह्या संपूर्ण पट्ट्यात आढळते. उन्हाळ्याच्या अखेरीस ती फुलते, आणि एरवी तिच्याकडे न पाहणाऱ्याचेही लक्ष तिच्या फुलांच्या सुगंधाने वेधले जाते.

ह्या वनस्पतीला ज्या नावांनी ओळखतात, ती तीन निरनिराळ्या परंपरांतून आलेली आहेत. झाडावर उगवलेल्या परक्या झाडाला मराठी भाषिक सरसकट 'बांडगूळ' म्हणतो, आणि तो शब्द हिलाही लावला जातो. वैद्यकाच्या परंपरेत ती 'रास्ना' ह्या नावाच्या अनेक दावेदारांपैकी एक आहे. वनस्पतिशास्त्र तिला 'वन्दा टेसेलाटा' म्हणते. ह्यांपैकी शेवटचे नाव लॅटिन पेहरावात असले, तरी त्याचा पहिला शब्द मूळचा संस्कृत आहे. कोशांत हजार वर्षांहून अधिक काळ नोंदलेला हा शब्द अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून युरोपात गेला, तेथे एका वंशाचे नाव झाला, आणि मराठी शास्त्रीय लेखनात परत आला तो 'व्हँडा' असे रूप घेऊन. स्वतःच्या घरी तो ओळखूही येईनासा झाला.

ही केवळ शब्दाच्या प्रवासाची मौज नव्हे. 'वन्दा' ह्या शब्दाच्या पोटात वर्गीकरणाची एक जुनी पद्धत आहे, आणि ज्या शास्त्राने तो शब्द उचलला त्या शास्त्राने नेमकी तीच पद्धत टाकून दिली. नाव राहिले, वर्ग बदलला. बोलीत मात्र जुना वर्ग अद्याप जिवंत आहे. ह्या विसंगतीची किंमत शेवटी झाडावरच्या त्या निरुपद्रवी वनस्पतीलाच द्यावी लागते. म्हणून नामकरण आणि वर्गीकरण ह्या दोन इतिहासांचा येथे एकत्र विचार करणे इष्ट ठरते.

२

प्रथम वनस्पतीचे स्वरूप पाहू. ऑर्किडेसी म्हणजे मराठी परिभाषेतील आमर-कुल. सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुलांत त्याची गणना होते. वन्दा हा त्या कुलातील एक वंश असून त्यात सत्तरहून अधिक जाती मानल्या जातात. भारत व श्रीलंकेपासून आग्नेय आशियातून थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत त्यांचा प्रसार आहे. वन्दा टेसेलाटा ही त्यांपैकी भारत, श्रीलंका व म्यानमार येथील जाती. कोरड्या पानझडी अरण्यातही ती तग धरते, आणि म्हणूनच सह्याद्रीच्या ओल्या दऱ्यांपासून दूर असलेल्या भंडारा-गोंदिया-नागपूर ह्या पट्ट्यात ती रुजलेली दिसते.

हिचे खोड एकाच टोकाने वर वाढत जाते. पाने दोन ओळींत, मध्यशिरेवर दुमडलेली, जाड व बाहेरच्या अंगाला वळलेली असतात. त्यांचे टोक कुणी कुरतडल्यासारखे तुटक दिसते. पानांच्या बगलेतून निघणाऱ्या मंजरीवर साधारणतः पाच ते दहा फुले येतात. प्रत्येक फूल चार-पाच सेंटिमीटर व्यासाचे असते. संदले व पाकळ्या पिवळसर हिरव्या किंवा फिकट निळसर असून त्यांवर तपकिरी रेषांची जाळी असते. ह्या चौकटींच्या नक्षीवरूनच 'टेसेलाटा' हे विशेषण आले. लॅटिनमध्ये 'टेसेला' म्हणजे फरशीच्या नक्षीकामातील लहान चौकोनी तुकडा. तिसरी पाकळी म्हणजे ओष्ठ. तो तीन खंडांचा असून त्याला निळसर जांभळी छटा असते, आणि त्याच्या बुडाशी एक आखूड शुंडिका असते. पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र जुळून बनलेला स्तंभ आणि त्यावरील मेणचट परागपुंज ही सर्व आमर-कुलाचीच खूण होय.

वर्गीकरणाच्या दृष्टीने ओष्ठ, शुंडिका, स्तंभ व परागपुंज ह्यांना जे महत्त्व आहे, ते सामान्य व्यवहाराच्या दृष्टीने मुळांना आहे. ह्या वनस्पतीची मुळे झाडाच्या सालीला चिकटतात किंवा हवेत लोंबतात, पण ती सालीच्या आत शिरत नाहीत. त्यांच्यावर मृत, पोकळ पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे व दवाचे पाणी आणि त्यात विरघळलेली द्रव्ये ते शोषून घेते. अन्न पाने स्वतः तयार करतात. वृक्षाकडून तिला मिळतो तो केवळ आधार व उजेडातील जागा. शास्त्र अशा वनस्पतीला अपिवनस्पती म्हणते.

खरे बांडगूळ ह्याहून अगदी निराळे आहे. महाराष्ट्रात आंब्यावर सर्रास आढळणारे बांडगूळ, ज्याला शास्त्रात डेन्ड्रोफ्थो फाल्काटा म्हणतात, त्याचे बी चिकट गरात असते. फुलटोच्या ते फळ खातो व बी दुसऱ्या फांदीला चिकटवून जातो. अंकुर फुटताच त्यातून शोषक मुळे निघतात, साल भेदून आत शिरतात आणि वृक्षाचे पाणी व क्षार ओढून घेतात. फांदीवर गाठ येते, पुढे ती वाळते. त्याची पाने हिरवी असल्याने ते अर्धेच परोपजीवी आहे. पण वृक्षाचे नुकसान मात्र पुरेपूर होते. दोघांचाही मुक्काम फांदीवर. एवढे एक साम्य सोडले, तर त्यांच्यात काहीही समान नाही.

३

'वन्दा' हा शब्द अमरकोशाच्या वनौषधिवर्गात येतो. तेथे त्याच्या जोडीला वृक्षादनी, वृक्षरुहा आणि जीवन्तिका ही नावे दिली आहेत. हे पर्याय एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, म्हणजे त्यांतील मतभेद लक्षात येतो. 'वृक्षादनी' म्हणजे वृक्ष खाणारी. 'वृक्षरुहा' म्हणजे वृक्षावर उगवणारी. पहिले नाव वनस्पतीच्या आहाराविषयी विधान करते व दुसरे केवळ तिच्या निवासाविषयी. परोपजीवीला दोन्ही नावे लागू पडतात, अपिवनस्पतीला फक्त दुसरे. कोशकाराने ती एका पंक्तीत बसविली, कारण त्याच्यापुढे असलेला वर्ग हा निवासावरून ठरलेला वर्ग होता. चौथ्या नावाने ह्या वर्गाची सैल वीण अधिकच स्पष्ट होते. जीवन्तिका हाच शब्द त्याच कोशात गुडूचीच्या, म्हणजे गुळवेलीच्या, नावांतही सापडतो. गुळवेलही झाडाच्या आधाराने वाढते आणि तोडली तरी मरत नाही. अशा चिवट, परावलंबी दिसणाऱ्या हिरव्या जिवांची ही नावे आहेत. शास्त्रीय अर्थाने ती एका जातीची नव्हेत.

ह्या शब्दाचे भाषिक वारस शोधताना ध्वनिनियमांचे भान ठेवावे लागते. शब्दारंभीचा संस्कृत 'व' हिंदीत सामान्यतः 'ब' होतो, मराठीत तो 'व' असाच राहतो. वट ह्याचे हिंदीत बड, मराठीत वड. वन्ध्या ह्याचे हिंदीत बांझ, मराठीत वांझ. ह्या नियमाप्रमाणे हिंदीतील 'बांदा' हा 'वन्दा'चा सरळ वारस होय. बांदा म्हणजे झाडावर उगवणारी दुसरी वनस्पती, हा अर्थही हिंदीत टिकून आहे. मराठीत मात्र अपेक्षित रूप 'वांदा' असे व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात रूढ आहे तो 'बांडगूळ' हा शब्द. त्याच्या आरंभी 'ब' आहे, आणि 'द'च्या जागी 'ड' आहे. दोन्ही बाबी नियमाविरुद्ध जातात. म्हणून अर्थ जुळला एवढ्यावरून बांडगुळाची व्युत्पत्ती वन्देपासून लावणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. उच्चारसाम्य हे व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला तितकेच फसविते, जितके फांदीवरचे निवाससाम्य वनस्पतीच्या अभ्यासकाला.

मराठीत बांडगूळ ह्या शब्दाला आणखी एक धार आली. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला हा शब्द लावला जातो, आणि हा लाक्षणिक अर्थ आज मूळ अर्थाइतकाच बलवान आहे. परिणामी ज्या वनस्पतीला हे नाव मिळते, तिच्यावर नावाबरोबरच एक आरोपही येतो. 'वृक्षरुहा'मध्ये हा आरोप नव्हता.

४

निवासावरून वर्ग ठरविणे ही केवळ भारतीय कोशकारांची रीत होती, असे समजण्याचे कारण नाही. डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड ह्याने कोचीन येथे सिद्ध केलेल्या 'होर्तुस मलबारिकुस' ह्या ग्रंथाचे बारा खंड १६७८ ते १६९३ ह्या काळात अॅम्स्टरडॅम येथे निघाले. ह्या ग्रंथाशी मराठी वाचकाचे एक नाते आहे. इट्टी अच्युतन ह्या मलबारी वैद्याबरोबरच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी भाषिक पंडित ह्या कामात होते, आणि त्यांचे १६७५ चे नागरी लिपीतील कोंकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. ह्या ग्रंथाच्या बाराव्या खंडात वृक्षवासी ऑर्किडांची नावे 'मरवाऱ' ह्या पदाने संपतात. मल्याळममधील 'मरवाऴ' ह्या शब्दाचे ते रोमन लिपीतून आलेले रूप होय. मरम् म्हणजे झाड, वाऴ म्हणजे केळ. झाडावरची केळ असा त्याचा अर्थ. येथेही वर्ग निवासावरून व बाह्य रूपावरून ठरलेला आहे. त्याच्या पोटात नंतरच्या शास्त्राने निरनिराळे मानलेले अनेक वंश आहेत.

लिनिअसने १७५३ मध्ये 'स्पीशीज प्लान्टारुम' प्रसिद्ध केला, तेव्हा ऱ्हीडच्या चित्रांचा त्याने उपयोग केला आणि उष्ण प्रदेशातील वृक्षवासी ऑर्किडांना 'एपिडेन्ड्रम' ह्या एका वंशात घातले. ग्रीक 'एपि' म्हणजे वर, 'डेन्ड्रॉन' म्हणजे वृक्ष. वृक्षरुहा ह्या संस्कृत शब्दाचे ह्याहून अचूक भाषांतर करता येणार नाही. अमरकोशकार आणि आधुनिक वर्गीकरणाचा प्रवर्तक ह्यांनी परस्परांचा मागमूसही नसताना एकच वर्ग एकाच तत्त्वावर कल्पिला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लोकांचे वर्गीकरण अडाणी व शास्त्राचे तेवढे शुद्ध, अशी विभागणी ह्या ठिकाणी टिकत नाही. दोहोंतला फरक आरंभबिंदूत नव्हता. शास्त्राने आपला वर्ग पुढे तपासला आणि मोडला, लोकभाषेला तो मोडण्याची गरज पडली नाही, एवढाच तो फरक होता.

५

ह्या पार्श्वभूमीवर विल्यम जोन्सचे कार्य पाहिले पाहिजे. १७८४ मध्ये कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीची स्थापना करणारा आणि २ फेब्रुवारी १७८६ च्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांच्या एकमूलत्वाचे विधान करणारा जोन्स भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्याचे मन वनस्पतिशास्त्रात रमले होते, हे तितकेसे सांगितले जात नाही. 'एशियाटिक रिसर्चेस'च्या १७९० च्या दुसऱ्या खंडात त्याने भारतीय वनस्पतींवरील ग्रंथाचा आराखडा मांडला. त्याचे तत्त्व स्पष्ट होते. भारतीय वनस्पतींना युरोपीय विद्वानांची व त्यांच्या आश्रयदात्यांची नावे चिकटविण्यापेक्षा त्यांची स्वतःची संस्कृत नावे शास्त्रात रूढ करावीत, असे त्याचे मत होते. संस्कृत कोश व निघंटू ह्यांतील नावांत अर्थ आहे, म्हणून ती केवळ खुणा न राहता ज्ञानाची साधनेही होतील, असे त्याला वाटत होते.

जोन्स २७ एप्रिल १७९४ रोजी मृत्यू पावला. त्याची निवडक भारतीय वनस्पतींवरील निरीक्षणे १७९५ मध्ये त्याच ग्रंथमालेच्या चौथ्या खंडात प्रसिद्ध झाली, आणि त्यांत ह्या ऑर्किडाचे वर्णन 'वन्दा' ह्या नावाखाली आले. त्याच वर्षी विल्यम रॉक्सबर्गच्या 'कोरोमांडेल किनाऱ्यावरील वनस्पती' ह्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात हीच वनस्पती चित्रासह प्रकट झाली, ती 'एपिडेन्ड्रम टेसेलाटम' ह्या नावाने. एकाच वर्षी एकाच वनस्पतीला मिळालेली ही दोन नावे म्हणजे दोन दृष्टी होत. भाषापंडिताने तिला देशी नाव दिले. वनस्पतितज्ज्ञाने तिला लिनिअसच्या चौकटीत बसवून तिच्या पाकळ्यांच्या नक्षीवरून विशेषण योजिले. तरीही दोघांच्या नावांतील वर्गवाचक पद एकाच अर्थाचे निघाले : झाडावर राहणारी.

रॉक्सबर्गचा 'फ्लोरा इंडिका' त्याच्या मृत्यूनंतर विल्यम कॅरीने संपादून छापला. तीन खंडांची ही आवृत्ती १८३२ ची. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचा कोश सिद्ध करणारा श्रीरामपूरचा कॅरी तो हाच. ह्या आवृत्तीत ही वनस्पती सिम्बिडियम ह्या तिसऱ्याच वंशात ठेवलेली आहे. त्या काळात भाषेचा अभ्यास व वनस्पतीचा अभ्यास ह्यांच्यामध्ये आजच्यासारखी भिंत नव्हती, ह्याची ही साक्ष होय.

'वन्दा' हा वंश शास्त्रात पक्का केला तो रॉबर्ट ब्राउनने, १८२० मध्ये, लंडनच्या 'बोटॅनिकल रजिस्टर' ह्या सचित्र नियतकालिकात. म्हणून आजही वंशनामापुढे जोन्स व ब्राउन ह्या दोघांची नावे लिहिली जातात : सूचना पहिल्याची, प्रमाणीकरण दुसऱ्याचे. ब्राउनने जातीला मात्र 'रॉक्सबर्गाय' असे नवे नाव दिले. पुढे १८३० मध्ये रॉक्सबर्गचे मूळ विशेषण वन्दा ह्या वंशनामाशी जोडले गेले, आणि अग्रक्रमाच्या नियमानुसार १७९५ चे 'टेसेलाटा' हे १८२० च्या 'रॉक्सबर्गाय'पेक्षा ज्येष्ठ ठरले. जे. डी. हूकरच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या फ्लोरात १८९० मध्येही 'रॉक्सबर्गाय' हेच नाव होते, आणि वैद्यकाच्या अनेक ग्रंथांतून ते अजूनही निघालेले नाही. तथापि शास्त्रीयदृष्ट्या ते आता केवळ पर्यायनाम आहे.

व्यक्तिनामांना विरोध करणाऱ्या जोन्सच्या वाट्याला ह्याहून मोठा योगायोग आला. रॉक्सबर्गने त्याच्या स्मरणार्थ अशोकवृक्षाला 'जोनेसिया असोका' असे नाव दिले. परंतु लिनिअसने १७६७ मध्ये केलेला 'सराका' हा वंश त्याहून जुना असल्याने 'जोनेसिया' लुप्त झाले आणि वृक्ष 'सराका असोका' म्हणून राहिला. जोन्सचे नाव गेले, अशोकाचे राहिले. त्याचे तत्त्व त्याच्यावरच असे सिद्ध झाले.

६

नाव स्थिर झाले, तरी वर्ग स्थिर झाला नाही. जॉन लिंडलीने १८३० ते १८४० ह्या काळात ऑर्किडांच्या वंशांचा व जातींचा जो संग्रह केला, त्यात फुलाची रचना हाच वर्गीकरणाचा पाया होता. झाडावर राहणे हा निकष आता गौण झाला. एपिडेन्ड्रममधून आशियातील जाती एकेक करून बाहेर काढण्यात आल्या, आणि आज हे नाव केवळ अमेरिका खंडातील ऑर्किडांना लागते. वन्देच्या बाबतीत प्रवाह दोन्ही बाजूंनी वाहिला. काही जाती आत आल्या, काही बाहेर गेल्या.

मलबारात ऱ्हीडने चित्रित केलेली व लिनिअसने एपिडेन्ड्रममध्ये घातलेली पिवळ्या फुलांची एक जाती दीर्घकाळ 'वन्दा स्पाथुलाटा' म्हणून ओळखली जाई. १९९२ मध्ये तिच्यासाठी 'टाप्रोबानिया' हा स्वतंत्र वंश करण्यात आला. पेन्सिलीसारख्या गोल पानांची 'वन्दा टेरेस' ही १९१५ मध्ये श्लेश्टरने स्थापिलेल्या 'पॅपिलिओनान्थे' ह्या वंशात गेली. ह्या बदलाचा विलक्षण परिणाम सिंगापुरात दिसतो. तेथे १८९३ मध्ये प्रसिद्धीस आलेला व १९८१ मध्ये राष्ट्रीय पुष्प ठरलेला संकर 'वन्दा मिस जोकिम' ह्या नावाने जगाला ठाऊक आहे, पण त्याचे दोन्ही पालक आता वन्दा-वंशात नाहीत. उलट दिशेने, विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आलेल्या जनुकीय क्रमांच्या अभ्यासातून असे दिसले की, 'अॅस्कोसेन्ट्रम', 'नेओफिनेटिया' व 'युआन्थे' हे स्वतंत्र मानलेले वंश वन्देच्याच शाखा आहेत. २०१२ मध्ये लॉरेन गार्डिनर ह्यांनी त्यांतील जातींना वन्दा-वंशात नवी नावे दिली.

नावाचा हा अडसर कायद्यातही उतरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने संरक्षित वनस्पतींची जी सहावी अनुसूची जोडली गेली, तिच्यात निळी वन्दा व तांबडी वन्दा अशा दोन नोंदी होत्या. निळी वन्दा म्हणजे खासी टेकड्यांतील 'वन्दा सेरुलिया'. तांबडी वन्दा म्हणजे 'रेनान्थेरा इम्शूटियाना', अर्थात शास्त्राच्या दृष्टीने ती वन्दा नव्हेच. बागाईतदारांच्या बोलीतील नाव कायद्याने स्वीकारले. नावाबरोबर शास्त्रीय संज्ञा दिलेली होती म्हणून घोटाळा झाला नाही. ह्यातून निघणारा बोध साधा आहे : लोकनाम चालेल, पण त्याच्याशेजारी निश्चित ओळख हवी.

ह्या सर्व घडामोडींत वन्दा टेसेलाटा मात्र आपल्या जागेवरून हलली नाही. ती ह्या वंशाची प्रमाणजाती आहे, म्हणजे वंशनाम तिच्याशी कायमचे बांधलेले आहे. उद्या वन्दा-वंशाचे आणखी तुकडे झाले, तरी ज्या तुकड्यात ही जाती असेल त्यालाच वन्दा म्हणावे लागेल. मोहाच्या फांदीवरची ही वनस्पती एका अर्थी संपूर्ण वंशाची नांगर-खुंटी होय.

७

अशी निश्चित ओळख नसल्याने काय होते, ह्याचे उदाहरण 'रास्ना' ह्या शब्दात मिळते. चरक व सुश्रुत ह्यांच्या संहितांत रास्ना वातविकारांवरील प्रमुख औषध म्हणून येते, आणि महारास्नादी क्वाथ आजही प्रचारात आहे. परंतु रास्ना म्हणजे कोणती वनस्पती, ह्याविषयी प्रांतोप्रांती मत निराळे आहे. वायव्येकडे ती सूर्यफुलाच्या कुलातील 'प्लुकिया लान्सिओलाटा' आहे, दक्षिणेत आल्याच्या कुलातील 'आल्पिनिया गलंगा', आणि बंगालात वन्दा टेसेलाटा. पश्चिम हिंदुस्थानच्या बाजारात रास्ना म्हणून वन्देची मुळे विकली जात. राजनिघंटूत रास्नेचे मूळ, पान व तृण असे तीन प्रकार सांगितलेले आहेत. तेव्हा हा गोंधळ नवा नव्हे. भारताच्या अधिकृत आयुर्वेदीय औषधिकोशाने प्लुकिया ही रास्ना मानली आहे.

येथे नाव औषधाच्या गुणावरून ठरले, जसे बांडगूळ निवासावरून ठरले होते. गुण एक असेल, निवास एक असेल, म्हणून वस्तू एक होत नाही. तीन निरनिराळ्या कुलांतील वनस्पती एका नावाने एकाच काढ्यात पडू शकतात, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नसून रोग्याचाही आहे. शिवाय मुळांसाठी वन्दा ओरबाडली गेली, तर ती पुन्हा सहज उगवत नाही. ऑर्किडाचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते व त्यात अन्नाचा साठा नसतो. नोएल बर्नार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, विशिष्ट कवकाचा तंतू आत शिरून त्याने अन्न पुरविल्याशिवाय निसर्गात ते बी रुजत नाही. बोंडातून उडणाऱ्या असंख्य बियांपैकी योग्य सालीवर, योग्य कवकापाशी पोचणारी बी विरळा. 'वृक्षादनी' हे नाव ह्या वनस्पतीवर अन्याय करणारे आहे ते ह्यासाठीही. ती आयुष्याच्या आरंभी दुसऱ्यावर पोसते हे खरे, पण तो दुसरा वृक्ष नव्हे, कवक होय.

८

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बांडगूळ काढून टाकावे, हा बागाईतदाराला दिला जाणारा सल्ला योग्यच आहे. परंतु ज्या भाषेत वृक्षादनी आणि वृक्षरुहा ह्या दोहोंना एकच शब्द उरतो, त्या भाषेत तो सल्ला दोघांवर सारखाच अंमलात येतो. कोयत्याला शोषक मुळे व चिकटलेली मुळे ह्यांतील भेद कळत नाही. तो भेद कोयता चालविणाऱ्याला शब्दानेच सांगावा लागतो. जुने आंबे व मोह तुटतात तेव्हा वन्दा वृक्षाबरोबर जाते. ते उभे असतात तेव्हा ती बांडगूळ म्हणून खरवडली जाते.

भंडारा जिल्ह्याच्या बाबतीत ह्याला एक ऐतिहासिक कारणही जोडले गेले आहे. थिओडोर कूकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा १९०१ ते १९०८ ह्या काळात निघाला, आणि सांतापाव व कपाडिया ह्यांचा मुंबई राज्यातील ऑर्किडांवरील ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील ऑर्किडांच्या अभ्यासाचा पाया ह्या ग्रंथांनी घातला. परंतु कूकच्या काळी भंडारा मध्यप्रांतात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यामुळे महाराष्ट्रातील ऑर्किड म्हटले की सह्याद्री, कोकण व आंबोली डोळ्यांपुढे उभी राहतात आणि झाडीपट्टी बाजूला पडते. ज्या जातीवर सगळ्या वंशाचे नाव आधारलेले आहे, ती मात्र ह्याच कोरड्या, दुर्लक्षित पट्ट्यात सुखाने राहते.

ह्यावरून तीन गोष्टी सुचतात. पहिली लेखनाची. मराठीत हे वंशनाम 'व्हँडा' असे लिहिण्याचे कारण नाही. इंग्रजी वर्णातील घर्षक ध्वनी दाखविण्यासाठी आपण 'व्ह' वापरतो, पण हा शब्द इंग्रजी नाही. 'वन्दा' हे लेखन त्याच्या मुळाशी प्रामाणिक आहे. त्याच्या जुन्या कोशगत अर्थामुळे ऑर्किड परोपजीवी ठरेल, ही भीती अनाठायी आहे, कारण वंशनाम ही ओळखीची खूण असते, व्याख्या नव्हे. दुसरी गोष्ट परिभाषेची. बांडगूळ हा शब्द खऱ्या परोपजीवी वनस्पतींपुरता राखून अपिवनस्पतींसाठी 'वृक्षरुहा' हा जुना, निर्दोष शब्द पाठ्यपुस्तकांतून व कृषिविषयक पत्रकांतून पुन्हा वापरात आणता येईल. तिसरी गोष्ट क्षेत्रीय अभ्यासाची. झाडीबोलीतील वनस्पतिनामांचा संग्रह करताना शब्द एकटा टिपून भागणार नाही. सांगणाऱ्याने बोट दाखविलेल्या वनस्पतीचा नमुना, तो ज्या वृक्षावर वाढला त्या वृक्षाची ओळख व तिथी ही त्याच टिपणात आली पाहिजेत. भाषा-विभागाचा विद्यार्थी आणि वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी ह्यांनी हे काम मिळून करावयाचे आहे.

जोन्सने भाषा व वनस्पती ह्यांचा अभ्यास एका हाताने केला आणि एक भारतीय शब्द जगाच्या शास्त्राला दिला. त्या शब्दाखालचा वर्ग शास्त्राने सव्वादोनशे वर्षांत कितीदा तरी तपासला, मोडला व पुन्हा बांधला. मराठीने तो एकदाच, पण नीट तपासावयाचा आहे. तसे झाले तर शहापूरच्या परिसरातील आंब्यावरची ती वनस्पती बांडगूळ म्हणून तोडली जाणार नाही, आणि एका जुन्या शब्दाला त्याचा खरा विषयही परत मिळेल.